कॅट-सीईटीचं 'मॉडर्न मॅथ' मॉडर्न नाहीच, ते आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचं आहे

शंकराला दहा हात. दहा हातांत दहा आयुधं: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य. ही आयुधं या हातातून त्या हातात अदलाबदल करत राहिली, तर शंकराची वेगवेगळी रूपं किती होतील?

पहिल्या हातात दहापैकी कुठलंही आयुध येऊ शकतं. ते दिलं की दुसऱ्या हातासाठी नऊ उरतात, तिसऱ्यासाठी आठ, असं करत शेवटच्या हाताला एकच. सगळ्यांचा गुणाकार केला की उत्तर येतं ३६,२८,८००.

हा प्रश्न कुठल्या क्लासच्या नोट्समधला नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' मधला आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि ज्या 'सिद्धान्तशिरोमणी' चा लीलावती हा पहिला भाग, तो ग्रंथ त्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. शंकरापाठोपाठ ते विष्णूचंही विचारतात. गदा, चक्र, कमळ, शंख आणि हात चार. उत्तर २४.

आज एमबीएच्या प्रवेश परीक्षा देणारी पोरं याच प्रकाराला 'पर्म्युटेशन' म्हणतात, आणि क्लासवाले ज्या गठ्ठ्यात तो बांधतात त्याला म्हणतात 'मॉडर्न मॅथ'. जळगाव-धुळ्यातल्या बीकॉम, बीएस्सी, बीईच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, अभ्यासातून सगळ्यात आधी काय सोडून देता? बरेच जण हेच नाव घेतील. "दोन-तीनच प्रश्न येतात, कशाला डोकं लावायचं भो!"

हा हिशोब कितपत बरोबर आहे ते आता बघू.

मॉडर्न मॅथ म्हणजे नेमकं काय?

कॅटचा अधिकृत अभ्यासक्रम आयआयएम जाहीर करत नाहीत. मागचे पेपर बघून क्लासवाल्यांनीच विषयांचे गठ्ठे पाडलेत. अंकगणित, बीजगणित, भूमिती, संख्याशास्त्र आणि उरलेलं ते मॉडर्न मॅथ. यात मांडणी आणि निवड, म्हणजे पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, मग संभाव्यता, संच आणि श्रेढी येतात. लॉगॅरिदम आणि फंक्शन काही जण इथं ठेवतात, काही जण बीजगणितात.

'मॉडर्न' हे विशेषण कशामुळं? गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या शाळांत 'नवं गणित' म्हणून एक लाट आली होती. संचासारखे विषय तेव्हा शाळेच्या पुस्तकात शिरले आणि नव्याचा शिक्का बसला तो बसलाच. मोजण्याची कला मात्र जुनी आहे, आणि तिचा खान्देशाशी असलेला संबंध दगडात कोरून ठेवलाय.

चाळीसगावहून पाटणादेवीला बरेच जण गेले असतील. गौताळा अभयारण्याच्या कुशीत देवीचं देऊळ आणि जवळच पाटण गाव. इथं एक शिलालेख आहे, साधारण १२०७ सालचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद या लेखात आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात असला तरी शेवटाला जुनी मराठी आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला.

भास्कराचार्यांचा जन्म नेमका कुठला, यावर मतभेद आहेत. त्यांनी स्वतः सह्याद्रीजवळच्या विज्जडविड या गावाचं नाव लिहिलंय आणि ते गाव कुठलं यावर विद्वान अजून भांडतात. त्यात आपण पडायला नको. त्यांचं गणित शिकवायची सोय जळगाव जिल्ह्यात आठशे वर्षांपूर्वी झाली होती, एवढं शिलालेखावरून पक्कं आहे.

दोन-तीन प्रश्नांसाठी जीव काढायचा का?

२०२४ च्या कॅटमध्ये ६८ प्रश्न होते, वेळ १२० मिनिटं. त्यात गणिताचे २२ प्रश्न आणि त्यांना स्वतंत्र ४० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंसुद्धा पुरी नाहीत. या २२ मध्ये मोठा वाटा अंकगणित आणि बीजगणिताचा असतो. मॉडर्न मॅथचे साधारण दोन ते चार.

म्हणून तयारीची सुरुवात मॉडर्न मॅथनं करू नका, असंच माझं मत आहे. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, समीकरणं कच्ची असताना संभाव्यतेच्या मागे लागणं म्हणजे पाया न खणता गच्चीवर टाकी बसवणं.

पण पूर्ण सोडून देणंही महागात पडतं. प्रत्येक बरोबर उत्तराला ३ गुण, म्हणजे गणिताचे एकूण ६६. त्यातले तीन प्रश्न म्हणजे ९ गुण. शिवाय या भागातला सोपा प्रश्न खरंच सोपा असतो. त्यात आकडेमोड फारशी नसते. पद्धत सुचली तर मिनिटभरात सुटतो, नाही सुचली तर दहा मिनिटं दिली तरी सुटत नाही. असा प्रश्न परीक्षेत कामाचा, कारण सोडवायचा की पुढं जायचं हे लगेच कळतं.

राज्याच्या एमबीए सीईटीचं गणित वेगळं. २०० प्रश्न, १५० मिनिटं. एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यातले ५० प्रश्न गणिताचे. इथं प्रश्न कॅटपेक्षा सरळ असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. सीईटीपुरतंच बघायचं असेल तर पुढे सांगितलेलं पहिलं निम्मं केलं तरी पुष्कळ झालं. अर्ज भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र वाचा, कारण परीक्षेचं स्वरूप बदलू शकतं.

पुस्तक घरातच आहे

मॉडर्न मॅथसाठी जाडजूड पुस्तक विकत घ्यायची घाई नको. राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग १ मधला पहिलाच धडा संचाचा. दहावीच्या भाग १ मध्ये अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता. अकरावीत, मग सायन्स असो की गणित घेतलेलं कॉमर्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आहेच. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. नवी पुस्तकं येतायत, त्यामुळं धड्यांचे क्रमांक पुढंमागं होतील, विषय तेच.

मराठी माध्यमातल्यांना याचा एक जादा फायदा आहे. नववी-दहावीची पुस्तकं मराठीत वाचून कल्पना पक्की करायची आणि मग इंग्रजी प्रश्नांकडं जायचं. कारण इथं पोरं गणितात कमी आणि भाषेत जास्त अडकतात. 'ॲट लीस्ट टू' म्हणजे किमान दोन: दोन, तीन, चार, सगळं चालेल. 'ॲट मोस्ट टू' म्हणजे जास्तीत जास्त दोन, आणि यात शून्यही येतं, जे हमखास विसरलं जातं. 'एक्झॅक्टली टू' म्हणजे नेमके दोन. 'डिस्टिंक्ट' म्हणजे एकमेकांपासून वेगळ्या ओळखता येणाऱ्या वस्तू, 'आयडेंटिकल' म्हणजे अगदी एकसारख्या. या शब्दांची एक चिठ्ठी टेबलासमोर चिकटवा. उगाच शंभर सूत्रं पाठ करण्यापेक्षा हे पाच शब्द जास्त गुण देतील.

मोजायला शिकणं

आता मुख्य मुद्दा. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा प्रश्न समोर आला की आपल्याकडं पहिला सवाल असतो, "यात पी लावू की सी?" सवालच चुकीचा आहे. आधी विचारायचं, "मी नेमकं काय मोजतोय? हातानं यादी करायची झाली तर कशी करीन?"

धुळ्याहून पाटणला जायचंय. धुळ्याहून चाळीसगावला रेल्वे किंवा एसटी, दोन पर्याय. समजा चाळीसगावहून पुढं जायला तीन पर्याय आहेत: एसटी, रिक्षा, मित्राची मोटरसायकल. एकूण प्रकार २ × ३ = ६. परत येताना दोन्ही टप्प्यांवर जाताना वापरलेलं वाहन वापरायचं नाही, अशी अट घातली तर? परतीला पाटण ते चाळीसगाव दोन पर्याय उरतात, पुढं एक. म्हणजे जाऊन-येऊन ६ × २ × १ = १२. 'आधी हे, मग ते' असेल तिथं गुणाकार. 'हे किंवा ते' असेल तिथं बेरीज. मॉडर्न मॅथचा अर्धा डोलारा या दोन वाक्यांवर उभा आहे.

आता इंग्रजी स्पेलिंगमधला 'जळगाव' घ्या: जे, ए, एल, जी, ए, ओ, एन. सात अक्षरं, त्यात 'ए' दोनदा. सातही वेगळी असती तर ७! म्हणजे ५०४० मांडण्या झाल्या असत्या. पण दोन 'ए' ची जागा आपसात बदलली तरी शब्द तोच राहतो, म्हणजे प्रत्येक मांडणी आपण दोनदा मोजलीय. म्हणून दोननं भागायचं: २५२०. दोन्ही 'ए' शेजारी-शेजारी नकोत, अशी अट आली तर? शेजारी असलेल्या मांडण्या मोजणं सोपं. दोघांना दोरीनं बांधून एक समजा, मग सहा वस्तू, ६! म्हणजे ७२०. त्या वजा केल्या की १८०० उरतात. नको ते मोजून एकूणातून वजा करणं ही या भागातली सगळ्यात कामाची युक्ती आहे.

क्रम महत्त्वाचा नसतो तिथं निवड. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, धुळ्यात ४, मिळून १९. यातले कुठलेही दोन निवडायचे. पहिल्यासाठी १९, दुसऱ्यासाठी १८, पण 'अमळनेर-शिरपूर' आणि 'शिरपूर-अमळनेर' ही जोडी एकच, म्हणून दोननं भागा: १७१. हेच ते 'एकोणीस सी दोन'. दोन्ही जळगावचे: १०५. दोन्ही धुळ्याचे: ६. एक इकडचा, एक तिकडचा: १५ × ४ = ६०. तिन्हींची बेरीज करा, १७१ येते. उत्तराची अशी दुसऱ्या बाजूनं खातरजमा करायची सवय लावून घ्या.

संभाव्यतेला इथं वेगळं शिकायचं फारसं काही नाही. डोळे मिटून दोन तालुक्यांच्या चिठ्ठ्या काढल्या तर किमान एक धुळे जिल्ह्यातला निघण्याची शक्यता किती? दोन्ही जळगावचे असण्याची शक्यता १०५/१७१, म्हणजे ३५/५७. उरलेली २२/५७. मोजता आलं की संभाव्यता आली. मोजता येत नसेल तर संभाव्यतेची सूत्रं कितीही घोका, उपयोग नाही.

सगळ्यात जास्त पोरं चुकतात ती जागा

पाच मुलगे आणि चार मुली. तिघांची समिती करायची, किमान एक मुलगी हवी. किती प्रकारे?

बहुतेक जण असं करतात: आधी चारपैकी एक मुलगी निवडली, ४ प्रकार. किमान एकीची अट झाली. आता उरलेल्या आठ जणांतून कुणीही दोन, २८ प्रकार. ४ × २८ = ११२.

वाचायला अगदी बिनचूक वाटतं. पण नऊ जणांतून तिघांच्या समित्या होतात तरी किती? ८४. अट नसताना ८४ आणि अट घातल्यावर ११२, हे कसं शक्य आहे?

घोळ असा झाला. समितीत दोन मुली असतील तर एकदा पहिलीला 'आधी निवडलेली' धरून ती समिती मोजली गेली आणि एकदा दुसरीला. तीन मुली असतील तर तीच समिती तीनदा. नेमकी एक मुलगी असलेल्या समित्या ४०, दोन मुलींच्या ३०, तीन मुलींच्या ४. खरं उत्तर ७४. आपण मोजलं ४० + ६० + १२ = ११२. सोपा रस्ता अर्थातच वजाबाकीचा: ८४ मधून एकही मुलगी नसलेल्या १० समित्या काढा, ७४.

कॅटच्या पर्यायांत ११२ हमखास ठेवलेलं असतं, असं समजूनच चाला. प्रश्न काढणाऱ्यालाही आपण कुठं घसरतो ते माहीत असतं.

केळीचं वाटप, आणि पुन्हा लीलावती

१३ एकसारखी केळी, पाच पोरं. प्रत्येकाला किमान एक मिळालंच पाहिजे. किती प्रकारे वाटाल?

इथं बरेच जण हात टेकतात, कारण केळी एकसारखी असल्यामुळं 'कुठलं केळं कुणाला' हा विचार चालत नाही. युक्ती अशी. १३ केळी एका रांगेत ठेवा. दोन केळ्यांमधल्या फटी १२. त्यातल्या चार फटींत काडी उभी करा, आपोआप पाच वाटे पडतात आणि एकही वाटा रिकामा राहत नाही. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, की १२ फटींतून ४ किती प्रकारे निवडता येतात? १२ × ११ × १० × ९ भागिले १ × २ × ३ × ४, उत्तर ४९५. एखाद्याला एकही मिळालं नाही तरी चालेल असं म्हटलं, तर प्रत्येकाकडून एक-एक केळं आधी उधार घ्या, १८ केळी झाली, फटी १७, आणि उत्तर २३८०. वाटून झालं की उधारी परत घ्यायची.

आता लीलावतीच्या 'अंकपाश' प्रकरणात या. तिथं भास्कराचार्य विचारतात, पाच घरांतल्या अंकांची बेरीज १३ होईल अशा संख्या किती? शून्य धरायचं नाही. हे आपलंच केळीवाटप झालं: पाच पोरं म्हणजे पाच घरं. त्यांची रीतही तीच, बेरजेतून एक वजा करून १२ पासून उतरते चार आकडे आणि खाली एकपासून चढते. उत्तर ४९५.

पण खरी नजर पुढं आहे. ते बजावतात, की ही रीत बेरीज 'घरांची संख्या अधिक नऊ' यापेक्षा कमी असेल तरच चालेल. का? कारण केळी एका पोराला दहासुद्धा देता येतात, पण एका घरात दहा हा अंक बसत नाही. पाच घरं अधिक नऊ म्हणजे १४, आणि १३ त्याहून कमी, म्हणून ४९५ बरोबर. बेरीज १४ करून बघा. सूत्रानं १३ सी ४, म्हणजे ७१५ येतात. पण त्यात एका घरात १० आणि बाकीच्यांत एक-एक अशी पाच खोटी उत्तरं घुसलीत. खरं उत्तर ७१०.

कॅटमध्ये 'अमुक अंकी संख्या, अंकांची बेरीज तमुक' या धाटणीच्या प्रश्नात नेमका इथंच सापळा असतो. सूत्र कधी चालतं याच्या आधी ते कधी चालत नाही हे सांगणारा मास्तर सगळ्यांनाच मिळत नाही. आपल्याला आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचा मिळालाय.

त्याच प्रकरणातला आणखी एक. ३, ९, ८ या अंकांपासून होणाऱ्या सगळ्या तीन अंकी संख्यांची बेरीज किती? संख्या सहा. लिहून बेरीज करत बसू नका. प्रत्येक अंक प्रत्येक घरात दोनदा येतो, म्हणजे प्रत्येक घराची बेरीज २ × २० = ४०. ४० × १११ = ४४४०. हाच प्रश्न आकडे बदलून आजही स्पर्धा परीक्षांच्या सराव पुस्तकांत सापडतो.

संच आणि श्रेढी, थोडक्यात

संचात दोन वर्तुळं काढता येत असतील तर पाया झाला. कॅटचा आवडता प्रकार 'कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती' हा. शंभर जणांत ७० जणांना भरीत आवडतं, ६० जणांना शेवभाजी, ८५ जणांना वरण-बट्टी. तिन्ही आवडणारे कमीत कमी किती? उलटं मोजा. भरीत न आवडणारे ३०, शेवभाजी न आवडणारे ४०, वरण-बट्टी न आवडणारे १५ (खान्देशात १५ जण सापडणं अवघड, पण गणितापुरतं धरू). हे सगळे नाराज वेगवेगळे लोक असले तरी ८५ च होतात. म्हणजे १५ जण तरी तिन्ही खाणारे निघणारच. जास्तीत जास्त किती? सगळ्यात छोटा गट ६० चा, म्हणून ६०.

श्रेढीत दहावीची दोन सूत्रं, मग गुणोत्तर श्रेढी, आणि दोन श्रेढ्यांतली सामाईक पदं. ३, ७, ११... आणि २, ७, १२... यांत २०० पर्यंत सामाईक पदं किती? पहिलं सामाईक ७. फरक ४ आणि ५, त्यांचा लसावि २०. मग ७, २७, ४७ असं करत १८७ पर्यंत, एकूण १०. एवढ्यावर सीईटी निघते आणि कॅटचाही बराच भाग.

वेळ कसा द्यायचा

परीक्षेला सहा महिने असतील तर पहिले तीन महिने अंकगणित-बीजगणितालाच द्या. चौथ्या महिन्यात रोज एक तास मॉडर्न मॅथ. आधी संच आणि श्रेढी, म्हणजे हुरूप येतो. मग दोन आठवडे फक्त मोजणी, शेवटी संभाव्यता. रोज आठ-दहाच गणितं, पण प्रत्येक दोन पद्धतींनी. उत्तरं जुळली नाहीत तर त्याच गणिताशी झोंबा, पुढं जाऊ नका. समितीच्या गणितातला ११२ आणि ७४ चा फरक स्वतः शोधणारा पोरगा तो घोळ पुन्हा सहसा करत नाही. व्हिडिओत दुसऱ्यानं शोधलेला बघितला तर आठवड्यात विसरायला होतं.

दोनच महिने असतील तर संच, श्रेढी, गुणाकाराचं तत्त्व, 'नको ते वजा' आणि केळीवाटप एवढं पुरे. गोल टेबलाभोवतीच्या मांडण्या, हार ओवणं, सशर्त संभाव्यता हे कॅटपुरतं मागं ठेवलं तरी चालेल. मागच्या पाच-सहा वर्षांच्या पेपरांतून फक्त या भागाचे प्रश्न बाजूला काढून सोडवले की नाशिक-पुण्याच्या क्लासची फी न भरताही आपण कुठं आहोत ते कळतं.

आणि संभाव्यता शिकलात तर ती पेपर सोडवतानाही वापरा. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तराचे अधिक ३, चुकीचा उणे १, पर्याय चार. डोळे मिटून ठोकलं तर सरासरी मिळकत: पावपट शक्यतेनं ३ गुण आणि पाऊणपट शक्यतेनं एक गुण वजा. हिशोब बरोबर शून्य. फायदा नाही, तोटाही नाही, नुसता वेळ गेला. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं, तर उरलेल्या तिनांत मिळकत अधिक एक तृतीयांश होते, आणि दोन पर्याय उडवता आले तर पूर्ण एक गुण. समितीच्या गणितात एकूणच ८४ आहेत हे दिसलं की ११२ आपोआप उडतो, तो असा उपयोगी पडतो. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना आणि सीईटीला उणे गुण नाहीत, तिथं काहीही कोरं सोडू नका.

सराव म्हणून अंकपाशातलाच एक प्रश्न घ्या. ४, ८, ५, ५, ५ या अंकांपासून पाच अंकी संख्या किती होतील, आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? 'जळगाव' च्या दोन 'ए' चं काय केलं ते आठवा, आणि मग ३, ९, ८ ची रीत लावा. संख्या २० आल्या आणि बेरीज ११,९९,९८८ आली, तर पाटणच्या मठात तुम्हाला प्रवेश मिळाला असता.